अंदाजे साठ

पांढऱ्या कुड्याची साल
ऊन चढायच्या आत काढायची, उगवतीच्या अंगाची,
आणि झाड पुरतं सोलायचं नाही.
"त्यालाबी अंगावर काही ऱ्हाऊ दे की,"
म्हणाल्या पारबताबाई फोले.

किनवटच्या पुढं, घाटाखालच्या रानात,
माझ्या वहीत तेव्हा एकतीस नावं होती
आणि पोटात आदल्या रात्रीपासून मुरडा.

काळा कुडा वेगळा.
त्याच्या शेंगा जोडीनं, टोकाशी जुळलेल्या.
पांढऱ्याच्या सुट्या, एकमेकींना न धरता लोंबणाऱ्या.
"भावकी," त्या म्हणाल्या.
"एकत्र नांदणारे गोड बोलतेत.
औषध वेगळं निघालेल्याकडं."

त्यांनी सालीचा तुकडा माझ्या जिभेवर ठेवला.
कडू हा शब्द मी आजवर
कारल्यावर उगाच खर्च केला होता.
ताकात उगाळून, तीन वेळा.
तिसऱ्या दिवशी मी भाकरी मागून घेतली.

ओढ्याच्या वळणावर बांबूच्या बेटात
लाल-पिवळी जाळासारखी फुलं,
पानांची टोकं फांद्यांना विळखे घालून.
मी म्हटलं, कळलावी. आणि पेन काढलं.

पारबताबाई दोन हात लांबच थांबल्या.
अडलेल्या बाईच्या तळपायाला, कंद उगाळून.
लेकरू बाहेर आलं की लगेच धुवायचं.
धुवायला विसरलं तर?
त्या ओढ्यात उतरल्या, हात धुतले.
हातांना काही लागलेलं नव्हतं.
"एकदा," म्हणाल्या,
आणि पुढं चालू लागल्या.

कोल्चिसीन: विभागू पाहणाऱ्या पेशीला
ऐन मध्यावर अडवून धरतं.
प्रबंधात एवढंच आलं.
त्या एका शब्दासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

फाल्गुनात त्या नांदेडला आल्या
नातीच्या वसतिगृहाचा कागद घेऊन,
आणि परतीची गाडी पाचला म्हणून माझ्याकडं.
चपला दाराबाहेर काढून प्रयोगशाळेत शिरल्या,
देवळात शिरावं तशा नाही,
दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरावं तशा:
कुठल्या बरणीत काय, ते बघत.

सालीचा अर्क काचपट्टीवर चढून वाळला होता.
मी द्रावण फवारलं.
पट्टी पिवळी झाली
आणि मधोमध उमटली नारिंगी टिकली.

"माय! हळद लागली की झाडाला."
हा डाग म्हणजे त्यातलं औषध, मी म्हटलं.
नाव काय त्याचं?
कोनेसीन.
"म्हंजे सासरचं नाव."
मग पदर सारखा करून, घसा खाकरून:

"पैनगंगेच्या काठावर पांढऱ्या कुड्याची साल,
कोनेसीनरावांचं नाव घेते, जुलाब थांबले काल."

रेणू, त्यांची नात, हसता हसता टेबलाला टेकली.
तिथं माझी पानं पडली होती. ती मोठ्यानं वाचू लागली,
शाळेत धडा वाचावा तशी:
कुड्याची साल, कोरडं वजन
दोन पूर्णांक चार एक सात ग्रॅम.
माहितीचा स्रोत: स्थानिक माहितगार,
स्त्री, वय अंदाजे साठ.

पारबताबाईंनी काचपेटीतल्या तराजूकडं पाहिलं.
श्वास लागला तरी त्याचे आकडे हलतात.
"झाडाचं इतकं बारीक मोजलं," त्या म्हणाल्या,
"अन् म्या अंदाजे?"

मी ती ओळ खोडली.
वर नाव लिहिलं, आडनावासकट.
पेन धरून विचारलं, वय?

त्या बोटांवर मोजायला लागल्या.
वर्षं नव्हे. बाळंतपणं:
घाटावरची, तांड्यावरची, पुरात अडकलेली,
जुळ्यांची, पायाळूची.
पेरं मागं पेरं, अंगठा सरकत होता.
मग एका पेरावर
तो थांबला.

बाहेर पाचच्या गाडीचा हॉर्न वाजला.
मूठ मिटून त्या उठल्या.
"लिही," म्हणाल्या, "अंदाजेच लिही."